घेऊ शकले नाहीत : नगरच्या वेढ्यातले एक फारसी क्रियापद

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या व्याख्यानमालेत मला बोलावले होते. विषय होता ‘चांदबीबी आणि नगरचा वेढा’. मी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात नोकरी करणारा माणूस. इतिहासाची पदवी नाही, फक्त वाचनाचा नाद. वहीत काढलेल्या टिपणांवर भिस्त ठेवून तासभर बोललो. वेढा रंगवून सांगितला आणि शेवटी म्हणालो, “विजापूरची कुमक नगरला पोहोचू शकली आणि मुघलांना तह करावा लागला.”

टाळ्या झाल्या. मग मागच्या रांगेतून एक धोतर-टोपीतले वयस्क गृहस्थ उठले. निवृत्त शिक्षक असावेत. शांतपणे म्हणाले, “पाहुणे, एक विचारू का? कुमक येऊन पोहोचली होती, तर मग बाईंनी वऱ्हाड का देऊन टाकलं?”

मला उत्तर देता आले नाही. काहीतरी गुळमुळीत बोललो. घरी येऊन वही उघडली. एका इंग्रजी पुस्तकातून घेतलेले टिपण होते : फौज काही दिवसांत नगरला पोहोचू शकेल अशा बेतात होती, अशा अर्थाचे वाक्य. त्यातला ‘कुड’ मी मराठीत उतरवला ‘शकली’ असा. मराठीत ‘पोहोचू शकली’ म्हणजे पोहोचली. जी फौज वाटेत होती, तिला मी एका शब्दाच्या जोरावर नगरच्या वेशीत आणून उभे केले होते.

चूक व्याकरणाची, पण तिचा फटका बसला होता एका बाईच्या नावाला. कुमक दाराशी आलेली असताना जिने वऱ्हाडसारखा सुभा शत्रूला दिला ती एक तर भ्यालेली किंवा फितूर. कुमक वाटेत आहे, कधी येईल याचा भरवसा नाही, भिंत एकदा पडून गेली आहे, आणि अशा वेळी जिने वऱ्हाड देऊन राजधानी वाचवली ती वेगळी बाई. दोन्हींमध्ये अंतर ‘शकली’ आणि ‘शकत होती’ एवढेच.

त्या प्रश्नाने मला फारसीकडे ढकलले. या लेखाचा विषय तेच एक फारसी क्रियापद आहे : ‘तवानिस्तन’, म्हणजे शकणे. भूतकाळात ते कसे चालते आणि नगरचा इतिहास वाचताना त्याने मला काय शिकवले, एवढेच सांगायचे आहे.

आधी आपला इतिहास आपल्यापर्यंत कसा येतो ते पाहू. मलिक अहमदने १४९० मध्ये वसवलेल्या या शहराच्या दरबाराची लिखापढीची भाषा फारसी होती. गावपातळीचा कारभार मराठीत, मोडीत चाले, पण राजाची बखर लिहायची तर फारसीत. इराणातून आलेला शाह ताहिर इथे राहिला, कवी जुहूरीने आपले ‘साकीनामा’ दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाला अर्पण केले. चांदबीबीच्या वेढ्यासाठी आपल्याला मुख्यतः दोन फारसी ग्रंथांकडे जावे लागते. एक सय्यद अली तबातबा याचा ‘बुऱ्हान-ए-मआसिर’. हा नगरच्या दरबाराच्या आश्रयाने लिहिला गेला आणि त्याचा वृत्तांत या वेढ्याच्या काळापर्यंत येऊन संपतो. दुसरा मुहम्मद कासिम फिरिश्ता याचा इतिहास. फिरिश्ता लहानपणी बापाबरोबर नगरला आला, इथेच वाढला, पण १५८९ मध्ये विजापूरला निघून गेला. वेढा पडला तेव्हा तो नगरात नव्हता. त्याने लिहिले ते विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाच्या छायेत बसून.

फिरिश्ताचे इंग्रजी भाषांतर जॉन ब्रिग्जने १८२९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर दोन-तीन वर्षांत मूळ फारसी ग्रंथही मुंबईत शिळाछापावर निघाला. तबातबाच्या ग्रंथातला निजामशाहीचा भाग वूल्झली हेगने इंग्रजीत आणला, तो ‘इंडियन अँटिक्वरी’त १९२० पासून क्रमशः आला. त्याचा मूळ फारसी पाठ मात्र १९३६ मध्ये छापला गेला. मराठीत नगरवर जे लेख, पुस्तिका, स्मरणिका निघतात त्यांतला बराच मजकूर या इंग्रजीतून आलेला असतो. माझाही तसाच होता. म्हणजे फारसीतून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत असा वळसा. या वळशात काय सांडते हे मला तोवर माहीत नव्हते.

फारसी शिकायची तर कुणाकडे? झेंडीगेटच्या बाजूला एक निवृत्त उर्दू शिक्षक राहत. सगळे त्यांना मास्तरसाहेब म्हणत. मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. म्हणाले, “भाऊ, या वयात? बरं, येत जा. पण पाठांतर करावं लागेल.” चार वर्षे दर रविवारी गेलो. जोडीला माधव जूलियन यांचा १९२५ चा फारसी-मराठी कोश आणि ग. ह. खरे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे काढलेले ‘ऐतिहासिक फारसी साहित्या’चे खंड. खरे आणि सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी थेट मराठीत आणली, मधला वळसा घेतला नाही. त्याची किंमत मला हळूहळू कळत गेली.

सुरुवातीलाच एका जागी अडखळलो. मास्तरसाहेबांनी एक वाक्य घातले : ‘क़िला रा नतवानिस्त गिरिफ़्त’. (हे आणि पुढची फारसी वाक्ये सरावासाठी केलेली आहेत, कुठल्या ग्रंथातली नाहीत.) ‘गिरिफ़्त’ म्हणजे ‘घेतले’ हे मला पाठ होते. ‘नतवानिस्त’ म्हणजे ‘शकला नाही’. मी अर्थ लावला, “शकला नाही, किल्ला घेतला.” मास्तरसाहेब हसले. “अहो, घेतला की नाही घेतला? एक काय ते ठरवा.”

गोम अशी आहे. जुन्या फारसीत ‘शकणे’ या क्रियापदाबरोबर मुख्य क्रियापदाचे एक आखूड रूप येते. ‘गिरिफ़्तन’ म्हणजे घेणे, त्याची शेपटी तोडली की ‘गिरिफ़्त’. हे आखूड रूप आणि ‘त्याने घेतले’ हे भूतकाळाचे रूप दिसायला हुबेहूब एक. म्हणून नवशिक्याला वाक्यात दोन भूतकाळ दिसतात. प्रत्यक्षात काळ एकाच शब्दाने वाहिलेला असतो, ‘तवानिस्त’ने. ‘गिरिफ़्त’ तिथे निव्वळ ‘घेऊ’ आहे.

आता मराठीकडे पाहा. ‘घेऊ शकला’, ‘घेऊ शकतो’, ‘घेऊ शकेल’. ‘घेऊ’ जागचा हलत नाही, काळ, लिंग, वचन सगळे ‘शकणे’ वाहते. इतकेच नव्हे, ‘त्याने किल्ला घेतला’ यातला ‘ने’ देखील ‘शकणे’ येताच गळून पडतो : ‘तो किल्ला घेऊ शकला’. अशा जागी मराठी माणसाला फारसी परकी वाटू नये, कारण बांधणी तीच आहे. आजच्या इराणी फारसीत आखूड रूपाऐवजी ‘बिगीरद’ असे रूप घालतात, ‘नतवानिस्त बिगीरद’. तिथेही भूतकाळाचा भार ‘तवानिस्त’वरच. मोगल-निजामशाही काळातल्या गद्यात मात्र आखूड रूप पावलोपावली भेटते. विरामचिन्हांशिवाय लिहिलेल्या हस्तलिखितात ते ओळखता आले नाही तर न घेतलेले किल्ले घेतले जातात.

दुसरी गाठ याहून महत्त्वाची. फारसीत भूतकाळाच्या क्रियापदामागे ‘मी’ लागतो. हा आपला ‘मी’ नव्हे, नुसता उपसर्ग आहे. ‘रफ़्त’ म्हणजे गेला. ‘मी-रफ़्त’ म्हणजे जात होता, जात असे. हाच ‘मी’ शकण्याला लागला की अर्थ पालटतो. ‘तवानिस्त रफ़्त’ : जाऊ शकला, म्हणजे जमले, गेला. ‘मी-तवानिस्त रफ़्त’ : जाऊ शकत होता. गेला की नाही, हे वाक्य सांगत नाही. अंगात बळ होते, वाट मोकळी होती, एवढेच ते सांगते. प्रसंग पाहून त्याचा अर्थ ‘जाऊ शकला असता’ असाही होतो, म्हणजे गेला नाही.

नकारातही तोच भेद. ‘नतवानिस्त’ : प्रयत्न केला, जमले नाही. ‘नमी-तवानिस्त’ : मुळात शक्तीच नव्हती, किंवा पुन्हापुन्हा करूनही जमत नव्हते. जुन्या गद्यात आणखी एक रूप भेटते, शेवटी ‘ए’ लागलेले ‘तवानिस्ते’. तेही ‘शकला असता’ किंवा ‘शकत असे’ या अर्थाचे. पण फारसी लिपीत ते ‘तवानिस्ती’ म्हणजे ‘तू शकलास’ यासारखेच लिहिले जाते, आणि कुठले वाचायचे हे मागच्यापुढच्या मजकुरावरूनच ठरवावे लागते.

मास्तरसाहेबांनी हे समजावून झाल्यावर मी वहीत मराठी रूपे मांडून पाहिली. ‘घेऊ शकला’, ‘घेता आला’, ‘घेऊ शकत होता’, ‘घेता आला असता’, ‘घेता आला नाही’, ‘घेता येईना’, ‘घेववेना’. लक्षात आले की फारसी ‘मी’ जो भेद करते तो मराठी बिनचूक करते, उलट दोन पावले पुढे जाऊन. ‘घेता आला नाही’ यात एकदाचा निकाल आहे. ‘घेता येईना’ यात रोज उठून केलेली आणि रोज फसलेली खटपट आहे. ‘चालवेना’ म्हटले की अंगातले त्राण गेल्याचे कळते, त्यासाठी वेगळा शब्द लागत नाही. हिंदी-उर्दूतही ‘कर सका’ आणि ‘कर सकता था’ वेगळे आहेत. इंग्रजी ‘कुड’ मात्र दोन्ही अर्थ पोटात घेतो. जाणकार इंग्रज वाचक संदर्भावरून भेद ओळखतो. माझ्यासारखा तर्खडकरी व्याकरण शिकलेला माणूस ‘कॅन’चा भूतकाळ ‘कुड’ आणि ‘शकतो’चा भूतकाळ ‘शकला’ असे जुळवून मोकळा होतो. फारसीला भेद ठाऊक, मराठीला ठाऊक. मधल्या घरात तो हरवला. दोष इंग्रजीचा नाही. वळसा घेऊन जाणाऱ्याचा आहे.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. हा नियम लोखंडी नाही. तवारीख लिहिणारे साधे ‘नतवानिस्त’ कधी शक्तीच नव्हती अशा जागीही वापरतात. शिवाय ते ‘शकणे’ टाळून दुसऱ्या वाटेनेही जातात. ‘मुयस्सर नशुद’ म्हणजे मयस्सर झाले नाही, ‘अज़ ओहदा बर नयामद’ म्हणजे जबाबदारी पेलता आली नाही. ‘मयस्सर’ आपल्याकडेही आला. बळ आणि शक्यता यांची नामे मराठीने फारसीतून मोकळ्या हाताने घेतली : कुवत, ताकद, मगदूर, मजाल, हिंमत. मूळची त्यांतली बहुतेक अरबी, पण आपल्याकडे आली ती फारसीच्या दारातून. ‘काय मजाल आहे त्याची!’ म्हणताना आपण कुणाची भाषा बोलतो याचा विचारही करत नाही. पण क्रियापद घेतले नाही. ‘शकणे’ संस्कृत ‘शक्’पासून आलेले, आपल्या घरचेच राहिले. शब्द उसना मिळतो. काम जमले की फसले हे सांगण्याची रीत प्रत्येक भाषा स्वतःची ठेवते.

एवढी तयारी झाल्यावर मी पुन्हा वेढ्याकडे गेलो. मुंबईच्या शिळाछापाची पाने समोर ठेवली. वहीत तीन खाने आखले. पहिल्यात ‘करू पाहिले आणि जमले’, दुसऱ्यात ‘करू पाहिले आणि फसले’, तिसऱ्यात ‘जमले असते, पण वेळ आली नाही’. वेढ्यातली प्रत्येक घटना कुठल्या खान्यात जाते ते बघत गेलो. फारसी रूप काय आहे ते पाहायचे आणि घटनेच्या निकालाशी ताडायचे.

डिसेंबर १५९५ अखेर अकबराचा मुलगा शहजादा मुराद आणि अब्दुर्रहीम खानखानान नगरसमोर आले. गादीवर कोण बसणार यावरून नगरच्या सरदारांचे आपसांत फाटले होते. किल्ल्यात चांदबीबी. बाहेरच्या निजामशाही सरदारांपैकी नेहंगखान हबशी आणि वृद्ध शाहअली यांनी रात्रीच्या अंधारात मुघलांची फळी फोडून किल्ल्यात शिरायचे ठरवले. गाठ पडली खानखानानच्या मोर्च्याशी. नेहंगखान थोड्या लोकांनिशी आत शिरू शकला. शाहअलीला शिरता आले नाही, माणसे गमावून तो मागे फिरला. एकाच रात्री, एकाच वाटेवर पहिला खाना आणि दुसरा खाना.

मग सुरुंग. मुघलांनी तटाखाली सुरुंग खणले. ख्वाजा मुहम्मदखान शिराझी हा मुघल छावणीतला माणूस. त्याने किल्ल्यातल्यांना सुरुंगांच्या जागा कळवल्या. आतून खणून दोन सुरुंग निकामी करता आले. आणखी एकाची दारू काढायचे काम चालू असतानाच तो उडाला आणि तटाला मोठे खिंडार पडले. हा दिवस फेब्रुवारी १५९६ मधला. चांदबीबी चिलखत घालून, तोंडावर बुरखा, हातात तलवार अशी खिंडारावर येऊन उभी राहिली. संध्याकाळपर्यंत हल्ले झाले. आत जाता येईना. रात्र पडली आणि त्या रात्रीत तट पुन्हा उभा करण्यात आला.

मुघल किल्ला ‘घेऊ शकले नाहीत’ हे वाक्य आपण शाळेपासून वाचतो. त्यातला ‘शकले नाहीत’ कुठला? दिवसभर करून पाहिले आणि फसले, म्हणजे ‘नतवानिस्तंद’. पण त्याखाली तिसऱ्या खान्यातले एक वाक्य दडलेले आहे. शहजादा आणि खानखानान यांचे पटत नव्हते. दोघांच्या फौजा एका मनाने लढल्या असत्या तर? ते ‘मी-तवानिस्तंद’ झाले, घेऊ शकले असते. ते घडले नाही, म्हणून इतिहासात त्याची नोंद घटना म्हणून होत नाही. पण चांदबीबीने मात्र ती शक्यता मोजली असणार. आज यांच्यात बेबनाव आहे, उद्या असेलच असे नाही.

आणि आता विजापूरची कुमक. इब्राहिम आदिलशहाचा सरदार सुहेलखान शाहदुर्गला, म्हणजे नळदुर्गला, फौज घेऊन होता. गोवळकोंड्याची फौज त्याला मिळणार होती. चांदबीबीने त्याला लिहिलेले पत्र मुघलांच्या हाती लागले, आणि मुरादने आपलाही मजकूर जोडून ते पुढे रवाना केले, लवकर या असे सांगून, असा किस्सा फिरिश्ता देतो. मग सुहेलखान माणिकदौंडीच्या डोंगरवाटेने नगरकडे निघाला. माणिकदौंडी पाथर्डी तालुक्यात. मी मोटारसायकलवरून त्या घाटात जाऊन आलो. नगर तिथून फार लांब नाही. पण फौजेला तोफा असतात, बैल असतात, दाणावैरण असते.

फारसी पाने मी दोनदा, तीनदा वाचली. कुमक नगरला येऊन पोहोचली असे त्यांत नाही. मुघल छावणीत धान्याची टंचाई होती, कुमक जवळ येत चालल्याचे कळत होते, आणि किल्ल्यातही ओढग्रस्त होती. तह झाला तो कुमक पोहोचण्याच्या आधी. वऱ्हाड मुघलांना गेले, नगर आणि बहादूरची गादी राहिली. कुमक पोहोचू शकत होती. त्या ‘शकत होती’चा धाक मुघलांना होता, म्हणून ते तहाला आले. त्याच ‘शकत होती’चा भरवसा बाईला पुरा नव्हता, म्हणून तिने वऱ्हाड सोडले. तह दोन्ही बाजूंनी एका न घडलेल्या गोष्टीवर झाला. मी व्याख्यानात ती गोष्ट घडवून टाकली, आणि तहाचा अर्थच नाहीसा केला.

चार वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला, आणि या वेळी जिवावर बेतला. १६०० मध्ये शहजादा दानियाल आणि खानखानान यांनी नगरला पुन्हा वेढा घातला. चांदबीबीचे मत पडले की आता किल्ला राखता येणार नाही. बहादूरचा जीव वाचवून बोलणी करावी. हे मत किल्ल्यात फुटले. ती मुघलांना मिळाली, असा गलका झाला आणि किल्ल्यातल्याच लोकांनी तिला ठार केले. ऑगस्ट १६०० मध्ये किल्ला पडला. बहादूर कैद झाला.

तिचे म्हणणे होते ‘राखता येणार नाही’. ऐकणाऱ्यांनी ऐकले ‘राखायचा नाही’. असमर्थता सांगितली आणि ती इच्छा म्हणून घेतली गेली. या जागी मला नेहमी थांबावे लागते. फारसीत ‘तवानिस्तन’ म्हणजे शकणे आणि ‘ख़्वास्तन’ म्हणजे इच्छिणे. दोन क्रियापदे वेगळी, दोघांची बांधणी मात्र जवळजवळ सारखी. भाषा त्यांना वेगळी ठेवते. घाबरलेली माणसे ठेवत नाहीत. किल्ला पडल्यावर तिचे मत बरोबर होते हे सिद्ध झाले, पण ऐकायला ती नव्हती.

याच किल्ल्यात ३४२ वर्षांनी ‘शकत होते’ आणि ‘शकले’ यांचा आणखी एक हिशेब मांडला गेला. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना मुंबईत पकडून नगरच्या किल्ल्यात आणले. नेहरूंनी इथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले हे सगळ्यांना माहीत आहे. मौलाना आझादांचे ‘गुबार-ए-ख़ातिर’ मराठी वाचकाला तितके परिचित नाही. ती पत्रे आहेत, मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना लिहिलेली. भाषा उर्दू, पण पानोपानी फारसी शेर. गंमत अशी की आझाद पत्रे लिहू शकत होते, पाठवू शकत नव्हते. त्यामुळे ती तशीच साचत राहिली आणि सुटकेनंतर १९४६ मध्ये पुस्तकरूपाने निघाली.

एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्याला वारल्या. आजारपणाच्या बातम्या किल्ल्यात येत होत्या. सरकारला काही कळवायचे असेल तर ते लगेच पुढे पाठवतो, असे तुरुंगाधिकाऱ्याने सांगितले होते. आझादांनी सरकारकडे काहीही मागायचे नाही असे ठरवले. भेट झाली नाही. ‘भेटू शकले नाहीत’ असे आपण सहज लिहितो. नीट लिहायचे तर : भेटण्यासाठी विनंती करू शकत होते, केली नाही, म्हणून भेट झाली नाही. पहिले वाक्य दुर्दैव सांगते, दुसरे निर्णय सांगते. त्या माणसाला समजून घ्यायचे तर दुसरे लागते. चांदबीबीच्या बाबतीत लोकांनी असमर्थतेला इच्छा ठरवले. आझादांच्या बाबतीत आपण इच्छेला असमर्थता ठरवतो. चूक उलट दिशेची, पण तीच.

मास्तरसाहेब आता नाहीत. शेवटच्या दिवसांत मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा विचारले होते, “मास्तरसाहेब, फारसी यायला लागली का मला?” म्हणाले, “वाचता येतं तुम्हाला. बोलता आलं असतं, पण बोलायला या नगरात माझ्याशिवाय कोण होतं!” मी घरी येऊन हे वाक्य वहीत तिसऱ्या खान्यात लिहिले.

आपल्या जिल्ह्यात अजून कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या पेटीत फारसी कागद सापडतात. वर फारसी, खाली मोडी असे दुभाषी कागदही असतात. ज्यांच्याकडे असे कागद असतील त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. भाषांतर करून घ्या, पण ‘शकला’ दिसेल तिथे करणाऱ्याला विचारा की मूळ रूपामागे ‘मी’ आहे का. वतन ‘घेऊ शकला’ आणि ‘घेऊ शकत होता’ यात घराण्याचा इतिहास पालटतो. आणि मूळ कागद टाकू नका. भाषांतर चुकले तर परत जायला जागा पाहिजे.

त्या वाचनालयाला मी सहा वर्षांनी पत्र पाठवले. व्याख्यानातले माझे वाक्य चुकीचे होते, कुमक पोहोचली नव्हती, पोहोचू शकत होती, आणि बाईंनी वऱ्हाड का दिले हा प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांना माझा नमस्कार सांगावा, असे लिहिले. वाचनालयाच्या चिटणीसांचे उत्तर आले. पत्र फलकावर लावले होते, आणि ते गृहस्थ ते वाचून गेले होते. काही बोलले का, असे मी पुढे एकदा भेटीत विचारले. चिटणीस म्हणाले, “बोलले ना. म्हणाले, आता पटतं.”